लिफ्टचे मालक

शेअरच्या किमतीतला शेवटचा आकडा कधीच स्थिर नसतो. बाजार उघडा असेपर्यंत तो चारावरून सहावर जातो, सहावरून पाचावर येतो, क्षणभर थांबल्यासारखा करतो आणि पुन्हा चारावर जातो. प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूचेही असेच असते. शेजारून कुणी गेले, तरी त्याचा शेवटचा आकडा हलतो. तराजूवर काम करणारी माणसे हे मनावर घेत नाहीत. मालकांनी घेतले होते.

ऑफिसात त्यांच्या टेबलाचा वरचा खण बोटभर उघडा असे आणि त्यात मोबाईल निजवलेला असे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या तक्रारींचा विभाग त्यांच्याकडे होता. समोर माणूस सांगत असे की आमच्या घरात दोन माणसे आणि मीटर मात्र हत्ती पाळल्यासारखा फिरतो. तेवढ्यात खणातला आकडा उतरे आणि मालकांचा चेहरा पडे. त्या माणसाला वाटे, आपल्या शब्दांनी साहेबांच्या काळजाला हात घातला. इतक्या वर्षांत त्या विभागाबद्दल लोक प्रथमच चांगले बोलू लागले होते.

मालक हे त्यांचे नाव नव्हते, आणि तसे पाहिले तर ते कशाचेच मालक नव्हते. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आईच्या नावावर होता, स्कूटर बायकोची होती, आणि घरातल्या एकुलत्या एक आरामखुर्चीवर मेहुणा आला की मेहुणा बसे. हे नाव त्यांना इमारतीने दिले होते. ते कसे मिळाले, हे सांगायचे तर त्या मेहुण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मेहुणा गाद्या विकत असे आणि शेअरबाजारावर बोलत असे. दोन्हीचा हेतू माणसाला निवांत झोप लागावी हाच, असे त्याचे म्हणणे होते. एका रविवारी तो आरामखुर्चीत रेलून म्हणाला, "दाजी, तत्त्व एकच. जी वस्तू रोज वापरता, तिच्या कंपनीचे शेअर घ्या. आपल्याला माल ठाऊक असतो ना."

मालकांनी रोज वापरायच्या वस्तू आठवून पाहिल्या. टूथपेस्टच्या कंपनीचा एक शेअर घ्यायचा तर महिनाभर दात घासायचे सोडावे लागले असते. साबण बायको आणत असे आणि दर वेळी वेगळा आणत असे. राहता राहिली लिफ्ट. लिफ्टमध्ये बटणांच्या वर पितळी पाटी होती. तिच्यावरचे कंपनीचे नाव ते रोज जाता-येता वाचत आले होते, कारण लिफ्टमध्ये वाचण्यासारखे दुसरे काही नव्हते. एखाद्या नावाशी इतका जुना परिचय म्हणजे अभ्यासच झाला, असे त्यांना वाटले.

खाते उघडणे मोबाईलवर होते आणि सोपे होते, असे मेहुणा म्हणाला. मालकांनी कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरले, सांगितले तशी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, डोळे मिटले, उघडले. पडद्यावर अक्षरे आली : 'समोरची व्यक्ती जिवंत असल्याची खात्री पटत नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. यंत्राचे मत बदलले नाही.

"ऑफिसातून आल्या आल्या नका करू," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि माणसाकडे पाहून त्याला नेमके काय झाले आहे, हे कमी शब्दांत सांगायची तिला सवय होती. "सकाळी करा. सकाळी जरा जान असते तुमच्यात."

सकाळी यंत्राची खात्री पटली. मालकांनी चाळीस शेअर घेतले.

त्या रात्री जेवताना आईने चौकशी केली. आईचे वय झाले होते आणि गुडघे त्याहूनही जुने दिसत, पण प्रश्न विचारताना ती कुठे अडखळत नसे.

"म्हणजे घेतलंस काय तू नक्की?"

"कंपनीचा एक भाग, आई. कंपनीला पैसे लागतात. मग ती आपले बारीक बारीक तुकडे करून लोकांना विकते. ज्याच्याकडे तुकडा, तो तेवढ्यापुरता मालक."

"मग तुझे पैसे कंपनीला मिळाले."

"नाही. कंपनीनं तुकडे विकले ते केव्हाच. मी दुसऱ्या कुणाकडून घेतले."

"कुणाकडून?"

"ते कळत नाही."

"बरं. त्यानं का विकले?"

"भाव उतरेल असं त्याला वाटलं असेल."

"आणि तू का घेतलेस?"

"मला वाटलं, चढेल."

आईने घास खाली ठेवला. "म्हणजे एक अनोळखी माणूस जे टाकायला निघाला होता, ते तू धावत जाऊन घेतलंस. तुमच्या दोघांत शहाणा कोण, हे कुणी पाहिलं का?"

"तेच तर बाजार पाहतो, मावशी," मेहुणा म्हणाला. तो जेवायला थांबला होता. "आणि खरं सांगू का, भाव कुणी ठरवत नाही. घेणारे जास्त झाले की चढतो, विकणारे जास्त झाले की उतरतो."

"म्हणजे कंपनी चांगली की वाईट, याच्याशी संबंध नाही?"

"आहे ना. शेवटी आहे."

"शेवटी म्हणजे कधी?"

मेहुण्याने भाजी वाढून घेतली.

इथपर्यंत गोष्ट चार भिंतींत होती आणि मालकांनी ती तिथेच ठेवली असती, तर पुढचे काही घडते ना. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. लिफ्टने नेहमीसारखा हिसका दिला. त्या म्हणाल्या, "कुठली कंपनी आहे कोण जाणे!" तेव्हा मालकांनी पितळी पाटीकडे पाहिले, टायची गाठ नीट केली आणि म्हणाले, "आमचीच आहे."

आयुष्यात काही वाक्ये परत घेता येत नाहीत. हे त्यांतले होते.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य प्रत्येक मजल्यावर जाऊन आले. लिफ्ट मात्र तिसऱ्यावर अडकली होती. त्या रात्री दाराची घंटा वाजत राहिली. कुणाला आतला दिवा लागत नसल्याचे सांगायचे होते, कुणाला पंख्याचा आवाज. चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाई, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि इमारतीला अजून वर्गच समजत. त्या आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मालक असाल तर उत्तर द्या. नसाल तर तसं सांगा. दोन्हीपैकी एक."

मालकांना तसे सांगता आले असते. पण मनाला लागलेली मालकी सुटता सुटत नाही. "मी बघतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मालक झाले.

त्यांनी बघितले. कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की ग्राहकाची तक्रार सोसायटीने करावी, शेअरहोल्डरने नव्हे. सोसायटीतर्फे लिहिले, तर उत्तर आले की पत्राखाली सही करणारे गृहस्थ शेअरहोल्डर असल्याने पत्र शेअरहोल्डर विभागाकडे पाठवले आहे. शेअरहोल्डर विभागाने कळवले : 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली असून योग्य त्या स्तरावर योग्य तो विचार सुरू आहे.' मालकांनी ते वाक्य दोनदा वाचले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून ते स्वतः वर्षानुवर्षे हेच पाठवत आले होते. फक्त त्यांच्या वाक्यात 'योग्य' एकदाच येई. दुसऱ्या 'योग्य'ने किती फरक पडतो, हे त्यांना आज कळले, आणि रागावण्याऐवजी त्यांनी ते वाक्य उतरवून घेतले.

पण खरा गुंता वेगळाच होता. लिफ्ट बिघडली की शेअर चढत असे.

प्रथम त्यांना तो योगायोग वाटला. मग मेहुण्याने उलगडा केला. "दाजी, नवी लिफ्ट विकून कितीसे सुटतात? खरी कमाई दुरुस्तीत. सुटे भाग, वर्षाचा करार, मेकॅनिकची फेरी. देशभर जुन्या लिफ्ट आहेत, सगळ्या मोडकळीला आलेल्या. सोनं आहे सोनं!"

त्यानंतर आत कुणी अडकून लिफ्टची घंटा वाजू लागली की इमारतीतली माणसे कपाळाला हात लावत आणि मालकांचा हात खिशातल्या मोबाईलकडे जाई. आपल्याला आनंद होतो आहे, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केले नव्हते. बायकोने मात्र निदान केले होते. "घंटा वाजली की तुमचे डोळे चमकतात," ती म्हणाली. "लक्षण चांगलं नाही."

चांगले नव्हतेच, कारण त्या लिफ्टमध्ये एकदा आई अडकली होती. दिवा गेला, पंखा गेला, आणि बाहेर काढेपर्यंत तिच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हापासून ती खाली गेली नव्हती. पाच जिने तिच्या गुडघ्यांना उतरवत नव्हते. खाली फाटकाजवळच्या बाकावर तिची मैत्रीण बसत असे, तळमजल्यावरची शिवणकाम करणारी. तोंडात सदा टाचण्या धरून बोलायची म्हणून सगळे तिला टाचणीकाकू म्हणत. तिच्या कमरेचे ऑपरेशन झालेले, ती वर येऊ शकत नव्हती. आता दोघी गॅलरीतून आणि बाकावरून बोलत. पाच मजल्यांचे बोलणे सगळी इमारत ऐके, त्यामुळे मोठमोठ्याने हवापाण्याच्याच गोष्टी होत. सुनेबद्दल, जावयाबद्दल, दुखण्याबद्दल, म्हणजे ज्यासाठी मैत्रीण लागते त्याबद्दल, बोलताच येत नसे.

सोसायटीच्या कमिटीत पाच जण होते. सेक्रेटरीबाई आणि डॉक्टरीणबाई यांना दुसऱ्या कंपनीची नवी लिफ्ट हवी होती. एकीला शिस्त प्रिय होती आणि दुसरीचे पेशंट जिना चढता चढता दाढदुखी विसरून परत जात. तळमजल्यावरचे दोघे सायकलवाले भाऊ जुन्या लिफ्टचा करार वाढवावा या मताचे होते, कारण त्यांना लिफ्ट लागतच नव्हती. पाचवे मत मालकांचे.

मालकांनी तीन सभा पुढे ढकलल्या. पहिल्या सभेच्या वेळी भाव चढत होता, आणि चढत्या भावात कंपनीला धक्का देणे बरे नव्हे. दुसऱ्या वेळी उतरत होता, आणि पडत्याला लाथ मारू नये. तिसऱ्या वेळी तो जागचा हलत नव्हता, आणि ही तर वादळापूर्वीची शांतता, असे मेहुणा म्हणाला.

"मग आधी शेअर विका, म्हणजे मोकळेपणानं मत देता येईल," बायको म्हणाली.

"आता विकले तर नुकसान."

"गेल्या महिन्यात फायदा होता."

"तेव्हा अजून चढणार होता."

"एका लिफ्टचा करार गेला म्हणून कंपनी बुडणार आहे का हो?"

"थेंबे थेंबे," मालक म्हणाले.

आईला त्यातले एकच समजत नव्हते. "भाव पडला, पडला म्हणतोस. मग ते पैसे गेले कुठं? कुणी तरी उचलले असतील ना?"

"तसं नसतं, आई. ते कुठं जात नाहीत. ते नव्हतेच. लोकांना वाटत होतं, तेवढी किंमत होती. आता वाटत नाही."

"म्हणजे नसलेलं गेलं म्हणून तू जेवला नाहीस?"

हे मालकांना लागले. तेवढ्यात कंपनीच्या वार्षिक सभेचे बोलावणे आले, आणि त्यांना वाटले की आता दूध का दूध, पाणी का पाणी होईल. सभा मोबाईलवर होती आणि नाव नोंदवले तर शेअरहोल्डरला दोन मिनिटे बोलता येणार होते. त्यांनी नाव नोंदवले आणि ही गोष्ट, चुकून, जिन्यात सांगितली.

सभेच्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुण्याने मोबाईल टीव्हीला जोडला होता. सेक्रेटरीबाई पुढच्या रांगेत होत्या. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून आल्या होत्या, एक पेशंटही गालावर हात धरून आला होता. मालकांच्या हातात प्रश्न होता, आणि तो सेक्रेटरीबाईंनी तपासून दिला होता.

आधीच्या शेअरहोल्डरांनी अध्यक्षांचे अभिनंदन केले. एकाने कंपनीच्या प्रगतीचे केले, एकाने अहवालाच्या गुळगुळीत कागदाचे. मग मालकांचे नाव पुकारले गेले. ते बोलू लागले. "आवाज बंद आहे!" सगळा दिवाणखाना ओरडला. मेहुण्याने झडप घालून आवाज सुरू केला. पडद्यावरचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, प्रसन्न, किंचित पुढे झुकले आणि म्हणाले, "बोला सर. संकोच करू नका. तुम्ही आमचे मालक आहात."

इतके दिवस ज्या शब्दाने लोक त्यांना टोचत होते, तो या माणसाने असा मऊ करून दिला की मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "आपल्या नेतृत्वाखाली कंपनी अशीच वर वर जात राहो."

पडद्यावर दुसरे शेअरहोल्डर आले. पेशंटने गालावरचा हात काढला. सेक्रेटरीबाई उठल्या. "वर वर!" त्या म्हणाल्या. "आमची तिसऱ्याच्या वर जात नाही." आणि त्या जिन्याने खाली गेल्या.

नंतर काही दिवस मालकांशी कुणी बोलले नाही. लिफ्टमध्ये ते शिरले की इतरांना जिन्याने जाण्याची हुक्की येई. आईसुद्धा बोलेना. तिचे कारण निराळे होते. टाचणीकाकू हे गाव सोडून मुलीकडे कायमची जाणार होती. खालून तिने तसे ओरडून सांगितले, आणि वरून आईने "छान झालं!" असे ओरडून उत्तर दिले.

जायच्या दिवशी दुपारी फाटकात टॅक्सी लागली. आईने साडी बदलली, केस विंचरले आणि दाराशी येऊन उभी राहिली.

"मी खाली जाणार."

"आई, लिफ्ट आज उत्तम आहे," मालक म्हणाले. "काल मेकॅनिक येऊन गेला. मी स्वतः घेऊन जातो. मालक म्हणून सांगतो."

आईने त्यांच्याकडे पाहिले. दुसरा इलाज असता तर तिने काहीतरी बोलून दाखवले असते. तिने त्यांचा दंड धरला आणि डोळे मिटून आत पाऊल टाकले.

लिफ्ट पाचव्यावरून चौथ्यावर आली, तिसऱ्यावर आली, आणि दुसऱ्याच्या जरा खाली येऊन तिने हिसका दिला व थांबली. दिवा गेला. पंखा गेला. जाळीच्या दारातून उजेड येत होता, आणि दुसऱ्या मजल्याची फरशी मालकांच्या छातीशी होती.

त्यांनी घंटा दाबली. मग कंपनीला फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, 'शेअरहोल्डर असाल तर एक दाबा, ग्राहक असाल तर दोन दाबा.' घाईत, सवयीने, त्यांनी एक दाबला.

"अभिनंदन, सर," गोड आवाज आला. "यंदाचा लाभांश मंजूर झाला आहे. नफ्यातला वाटा थेट आपल्या खात्यात येईल. आणखी काही मदत करू शकते का?"

"मी आत आहे!" मालक ओरडले. "लिफ्टमध्ये! आईसकट!"

"त्यासाठी कृपया दोन दाबा," आवाज म्हणाला आणि फोन कटला.

एव्हाना घंटेने माणसे गोळा झाली होती. मालकांना ती फक्त पावलांवरून ओळखता येत होती. पांढरे बूट म्हणजे डॉक्टरीणबाई. काळ्या वहाणा, टाचा जुळवलेल्या, म्हणजे सेक्रेटरीबाई. ग्रीसचे डाग असलेल्या चपलांचे दोन जोड म्हणजे सायकलवाले भाऊ. बायको पाचव्यावरून धावत आली होती आणि तिच्या पायांत काहीच नव्हते.

"आईंना श्वास नीट येतोय का?" तिने वाकून विचारले.

"येतोय," आई म्हणाली. "ती गेली का?"

"मेकॅनिकला मी फोन केलाय. ग्राहक म्हणून," बायको मालकांना म्हणाली. "निघालाय तो."

मालकांच्या खिशातला मोबाईल थरथरला. मेहुण्याचा निरोप होता : 'आज उच्चांक! काहीही झाले तरी हलायचे नाही.'

"सभासदहो," वरून सेक्रेटरीबाईंचा आवाज आला, "कमिटीचे पाचही जण उपस्थित आहेत. चार जिन्यात, एक लिफ्टमध्ये. तीनदा पुढे गेलेली सभा मी आत्ता सुरू करते. विषय एकच."

"अडकलेल्या माणसाचं मत धरता येतं का?" मोठ्या भावाने शंका काढली.

"नियमात 'आवारात हजर' असं आहे. ते आवारातच आहेत. कुठं जाणार?"

दोन मते इकडे पडली, दोन तिकडे. मग सगळी पावले लिफ्टकडे वळली.

मालकांनी घसा साफ केला. नवी लिफ्ट येणार, कंपनीचा करार जाणार, आणि तोही उच्चांकाच्या दिवशी. एक तर विकून मग मत द्यावे. पण सगळ्यांसमोर मोबाईल काढून विकणार कसे. आणि कदाचित संध्याकाळपर्यंत... तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी पायरी. कुणीतरी "अहो काकू, नका!" म्हणाले. कुणीतरी हात द्यायला धावले. काठी थांबली नाही. शेवटी जाळीपाशी धापा टाकत एक बाई फरशीवर बसली आणि तिने जाळीतून हात आत घातला.

आईने तो दोन्ही हातांनी धरला.

"टॅक्सीवाला ओरडतोय," टाचणीकाकू म्हणाली. आज तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

"ओरडू दे. कंबर मोडली असती तुझी, मूर्ख कुठली."

"मोडली तर डॉक्टर आहेत ना इथे."

"दाताच्या आहेत त्या."

दोघी हसल्या. मग त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या, इतक्या हलक्या की बाजूला हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मालकांनाही काही ऐकू येईना. सुनेबद्दल असावे, कारण बायकोची अनवाणी पावले दोन पायऱ्या मागे सरकली. खाली टॅक्सीने भोंगा वाजवला, आणि कुणीही त्या दोघींना घाई केली नाही.

"मत राहिलंय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

मालकांचा मोबाईल पुन्हा थरथरला. त्यांनी तो बाहेर काढला नाही. आईने मैत्रिणीचा हात न सोडता मान वळवली.

"ही दोन जिने चढून आली," ती म्हणाली. "तुला एक शब्द बोलवत नाही?"

"काढून टाका," मालक म्हणाले.

"ऐकू आलं नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "मोठ्यानं, आणि पूर्ण वाक्यात."

मालकांनी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि वरच्या सगळ्या पावलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही लिफ्ट काढून टाका! माझं मत नव्या लिफ्टला!"